उन्हाळी सायकल टूरसाठी पाण्याची सोय: महाग बाटली, पाठीवरची पिशवी आणि ओला मोजा

मे महिन्यात सकाळी अकरानंतर पुणे–सोलापूर रस्त्यावर सायकलच्या बाटलीतल्या पाण्यात चहापूड तेवढी टाकायची बाकी असते. फ्रीजमधून काढून भरलेलं पाणी हडपसर ओलांडेपर्यंत गार राहतं, यवतला कोमट होतं आणि पाटसच्या पुढे घोट घेताना तोंड वाकडं होतं. यात नुसते चोचले नाहीत. गरम पाणी माणूस कमी पितो, आणि अंगातून तासाला लिटरभर घाम जात असताना कमी पिणं महागात पडतं. म्हणून बाटली निवडताना पाणी किती मावतं याच्या जोडीला ते चार तासांनी प्यावंसं वाटेल का, हेही बघावं लागतं.

दुकानात या कामासाठी चार प्रकारच्या वस्तू मिळतात: साधी दाबायची बाटली, दुहेरी भिंतीची इन्सुलेटेड बाटली, स्टीलचा व्हॅक्यूम फ्लास्क आणि नळीवाली पाठीवरची पिशवी. पाचवी वस्तू कपाटातच असते, जुना सुती मोजा. या पाचही वस्तूंची तुलना इथे देशावरच्या कोरड्या उन्हाच्या हिशोबाने केली आहे. कोकणासाठी निकाल वेगळा लागतो, त्याचं कारण पुढे येईल.

आधी प्रमाण. उन्हात सायकल चालवताना बहुतेकांचा घाम तासाला अर्धा ते एक लिटर जातो, चढावर आणि भर दुपारी त्याहून जास्त. आपला आकडा काढायला कुणाला विचारावं लागत नाही. निघण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करायचं, तासभर चालवून आल्यावर अंग पुसून पुन्हा करायचं, मधे प्यालेलं पाणी दोन्ही वजनांच्या फरकात मिळवायचं. एक किलोचा फरक म्हणजे एक लिटर. हे एप्रिलमध्ये करावं. जानेवारीतला आकडा मे महिन्यात कामाचा नाही. गेलेला सगळा घाम चालत्या सायकलवर भरून काढता येत नाही, कारण पोट तासाला साधारण पाऊण ते एक लिटरच पुढे ढकलू शकतं. त्याहून जास्त ओतलं की पोटात डुचमळतं आणि मळमळायला लागतं. तेव्हा तासाला ६०० ते ८०० मिली, दर दहा-पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट, हा हिशोब धरून पुढचं वाचावं.

साधी बाटली

पातळ, मऊ प्लॅस्टिकची, ६०० ते ७५० मिलीची, दाबली की धार येणारी. चांगली बाटली दोन-चारशे रुपयांत येते. पाणी गार ठेवण्यात ती नापास आहे: उन्हात अर्ध्या-पाऊण तासात कोमट आणि त्यानंतर हवेइतकी किंवा हवेपेक्षाही गरम. काळी किंवा गडद बाटली यात आणखी पुढे. पांढरी किंवा पारदर्शक घ्यावी. पारदर्शकतेचा आणखी एक उपयोग असा की आत काय वाढतंय ते दिसतं.

बाकी सगळ्या बाबतीत मात्र साधी बाटलीच वरचढ. वजन शंभर ग्रॅमच्या आत, एका हाताने दाबून पिता येतं, तोंड रुंद असल्याने पंपावरच्या कूलरखाली दहा सेकंदांत भरते आणि तीच धार डोक्यावर, मानेवर मारता येते. हीच बाटली ९५० मिली ते एक लिटरपर्यंतही मिळते. व्यास तोच, साधारण ७३–७४ मिलिमीटर, फक्त उंची जास्त. त्यामुळे ती कुठल्याही केजमध्ये (फ्रेमवरच्या बाटली अडकवायच्या कंसात) बसते, पण लहान फ्रेमवर सीट ट्यूबला, म्हणजे सीटखालच्या उभ्या दांड्याला लावली तर वरच्या दांड्याला अडते. घेण्याआधी केजच्या तळापासून वरच्या दांड्यापर्यंत पट्टीने मोजावं आणि बाटली तिरकी काढायला तीन-चार सेंटीमीटर जागा उरते का ते बघावं.

नवीन बाटलीला प्लॅस्टिकचा वास येतो आणि उन्हात तो दुपटीने वर येतो. कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून रात्रभर ठेवावं आणि सकाळी धुवावं. दोनदा करूनही वास गेला नाही तर ती बाटली झाडांना पाणी घालायला वापरावी.

इन्सुलेटेड बाटली

कॅमलबॅकची पोडियम चिल आणि पोलर बॉटल ही या जातीतली सर्वांत ओळखीची नावं. दोन भिंतींमध्ये फोम किंवा हवेचा थर असतो. साध्या बाटलीच्या दुप्पट वेळ पाणी गार राहतं, असं पोडियम चिलबद्दल कंपनी म्हणते, आणि तो दावा वाजवी आहे. पण दुप्पट म्हणजे किती? पाऊण तासाचा दीड तास. पहाटे साडेचारला निघालेल्या माणसाला हा दीड तास मिळतो तो नेमका थंडाव्यात, सहा वाजेपर्यंत, जेव्हा गार पाण्याची गरजच नसते. दहा-अकराला, जेव्हा जीव कासावीस होतो, तेव्हा ही बाटली ढाब्यावरच्या पाण्याने भरलेली असते. ते पाणी कोमट असेल तर ही बाटली ते इमानेइतबारे कोमट ठेवते.

बर्फ मिळत असेल तर चित्र पालटतं. २०० ग्रॅम बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात अर्धा लिटर पाणी ३० अंशांहून जास्त उतरतं. म्हणजे इन्सुलेटेड बाटलीचे पैसे वसूल करायचे तर तिच्यात बर्फाचे खडे हवेत. बाटलीच फ्रीजरमध्ये ठेवून पाणी गोठवायला जाऊ नये. जो थर उष्णता आत येऊ देत नाही तोच ती बाहेरही जाऊ देत नाही, त्यामुळे रात्रभरात धड गोठत नाही. साधी बाटली मात्र एक तृतीयांश भरून, आडवी, झडप उघडी ठेवून गोठवावी आणि निघताना वरून पाणी भरावं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली तळातून फाटते आणि ते कळतं सकाळी सगळं भरून झाल्यावर.

तोट्यांमध्ये पहिला म्हणजे मावतं कमी. बाहेरचा व्यास केजमुळे ठरलेला असल्याने जाडी आतून खाल्ली जाते. पोडियम चिल ६२० मिलीची आहे, तितक्याच उंचीच्या साध्या बाटलीत शंभरेक मिली जास्त मावतं. दुसरं, दाबायला कडक. चार तासांनी हाताची बोटं बधिर झालेली असताना हे जाणवतं. आणि किंमत साध्या बाटलीच्या तीन-चार पट. शहरात रोज तासाभराची फेरी मारणाऱ्याला ही चांगली, दिवसभराच्या टूरला तिच्या नावाचा बोलबाला जास्त आहे.

व्हॅक्यूम फ्लास्क

स्टीलचा ७५० मिली किंवा लिटरचा फ्लास्क सकाळचा बर्फ दुपारी दोनलाही शिल्लक ठेवतो. त्याच्याशी गारव्यात कुणी स्पर्धा करू शकत नाही. पण तो दाबता येत नाही, झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात, रिकामा असतानाच तीन-साडेतीनशे ग्रॅम भरतो आणि ॲल्युमिनियमच्या केजमध्ये ठेवला तर खडखड करत रंग आणि केज दोन्ही खरवडतो. व्यास थोडा जरी कमी-जास्त असला तरी स्पीड ब्रेकरवर उडून रस्त्यावर पडतो, आणि मागून ट्रक येत असताना तो उचलायला कुणी वळू नये.

फ्लास्कची जागा पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या बॅगेत) किंवा फ्रेमबॅगच्या (फ्रेमच्या त्रिकोणात बसणाऱ्या बॅगेच्या) तळाशी, टॉवेलात गुंडाळून. तो पिण्याची बाटली समजू नये, बर्फाची पेटी समजावी. दर थांब्यावर त्यातलं वाटीभर बर्फगार पाणी साध्या बाटलीतल्या कोमट पाण्यात मिसळलं की पुढचा अर्धा तास निभतो. या वापरात एक लिटरचा फ्लास्क इन्सुलेटेड बाटलीपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतो.

पाठीवरची पिशवी

हिची जन्मकथा उन्हाळी सायकलिंगचीच. टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स इथे ऑगस्टच्या कडक उन्हात ‘हॉटर’न हेल हंड्रेड’ नावाची १०० मैलांची राइड १९८२ पासून होते. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल आयडसन याने सलाइनची पिशवी एका लांब मोज्यात घातली, तो मोजा जर्सीच्या पाठीला शिवला, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केली. त्यातून कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. मोजा तिथेही होता, हे लक्षात ठेवण्यासारखं.

पिशवीची ताकद क्षमतेत आहे: दीड ते तीन लिटर, आणि नळी तोंडाशी असल्याने माणूस न थांबता, न चाचपता वारंवार पितो. खराब रस्त्यावर, जिथे हँडलवरचा हात सोडायचा नाही, तिथे हिला तोड नाही. पण सपाट रस्त्यावर दिवसभर दोन किलो पाठीवर घेऊन वाकून बसायचं म्हणजे दुपारपर्यंत खांदे आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे घाम सुकायला सगळ्यात मोठी मोकळी जागा पाठीची, नेमकी तीच झाकली जाते. नळीतलं पाणी उन्हात तापतं, त्यामुळे पहिला घोट नेहमी गरम. उपाय सोपा आहे: पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायचं.

पिशवीत फक्त पाणी भरावं. ओआरएस, ग्लुकोज किंवा सरबत भरलं की नळीत आणि चावायच्या झडपेत काळी बुरशी धरते. लांब, लवचीक ब्रश नसेल तर ती निघत नाही. पाणी किती उरलं हे दिसतही नाही. फर्रकन हवा आली म्हणजे संपलं, आणि ते नेमकं दोन गावांच्या मधे. टूरसाठी ही पिशवी घ्यायचीच असेल तर पाठीवर न लावता फ्रेमबॅगमध्ये घालून नळी हँडलबारपर्यंत आणावी. तिथे तिचे फायदे राहतात आणि पाठ मोकळी होते.

ओला मोजा

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. माठ गार का राहतो हे घरातल्या पोराला विचारलं तरी सांगेल: पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. खानदेश-विदर्भात बैलगाडीला आणि ट्रकला लटकणारी जाड कॅनव्हासची छागल हेच करते, आणि गाडी चालती असली की वाऱ्यामुळे आणखी जोरात करते. सायकलवर वारा फुकट आहे.

हिशोब मांडून पाहा. अर्धा लिटर पाणी १० अंशांनी उतरवायला जेमतेम ९ ग्रॅम पाणी उडून जावं लागतं, म्हणजे दोन चमच्यांच्या आत. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओलं कापड साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. सायकलवर थेट ऊन आणि केजचा अडथळा धरून त्यापेक्षा दोन-चार अंश जास्त धरावेत. म्हणजे माठातल्या पाण्याच्या आसपास. बर्फगार नव्हे, पण घटाघटा पिता येतं. आणि मुख्य म्हणजे ढाब्यावर कोमट पाणी भरलं तरी अर्ध्या-पाऊण तासात ते पुन्हा माठासारखं होतं. इन्सुलेटेड बाटली गारवा फक्त टिकवते, मोजा तो नव्याने तयार करतो. दिवसभराच्या टूरमध्ये बाटली सात-आठ वेळा भरली जाते, म्हणून हा फरक निर्णायक.

करायचं कसं. मोजा शुद्ध सुती हवा, शाळेच्या गणवेशातला पांढरा लांब मोजा उत्तम. नायलॉन किंवा खेळायचे ‘ड्राय’ मोजे पाणी धरून ठेवत नाहीत. बाटली अर्ध्या लिटरची साधी पेट बाटली, म्हणजे दुकानात विकत मिळणाऱ्या पाण्याची, घ्यावी. एरवी ती केजमध्ये सैल पडते आणि वाजते, पण मोजा चढवल्यावर तिचा व्यास केजला बरोबर येतो. सायकलची नेहमीची बाटली घेतली तर मोज्यासकट ती केजमध्ये इतकी घट्ट बसते की चालत्या सायकलवर ओढताना तोल जातो. ज्यांना तीच वापरायची आहे त्यांनी रुंदी बदलता येणारा केज लावावा. पेट बाटलीचं झाकण चालत्या सायकलवर उघडणं अवघड जातं, त्यासाठी दाबून उघडणारं झाकण शोधावं. काही सरबताच्या बाटल्यांना ते असतं आणि बहुधा आटे जुळतात.

मोजा तळापासून गळ्यापर्यंत घट्ट बसवावा, घड्या पडल्या की तिथे कापड भिंतीपासून सुटतं आणि गारवा आत पोहोचत नाही. पूर्ण भिजवून हलका पिळावा, नाहीतर पहिले पाच किलोमीटर चेनवर पाणी ठिबकतं. कोरड्या उन्हात हा मोजा तासाभरात सुकतो, म्हणून दर पाऊण तासाला पन्नासेक मिली पाणी वरून सोडायचं. सुकलेला मोजा म्हणजे बाटलीला घातलेला स्वेटर, काही उपयोगाचा नाही. भिजवायला पिण्याचंच पाणी लागतं असं नाही, पण मोज्याच्या वरच्या टोकाला ओठ लागतात. नाल्याचं पाणी वापरायचं तर वरचा पट्टा दुमडून खाली ठेवावा.

दोन चुका हमखास होतात. पहिली, इन्सुलेटेड बाटलीवर ओला मोजा चढवणं. बाहेरचा गारवा आतल्या थराने अडतो, दोन्हीचा फायदा जातो. पातळ भिंतच हवी. दुसरी, बाटली पॅनियरमध्ये किंवा बंद बॅगेत ठेवून गार होईल अशी आशा धरणं. वारा नाही तर काही नाही.

वाऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मे महिन्यात दुपारी देशावर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो आणि मजा वाटते. वेग ताशी २० आणि पाठीवरचा वारा ताशी १५ असेल तर अंगाला लागतो फक्त ५ किलोमीटरचा वारा. मोजा मंदावतो, अंगावरचा घामही सुकत नाही, आणि वेग चांगला दिसत असूनही माणूस भट्टीत बसल्यासारखा तापतो. उलट दिशेला, सोलापूरहून पुण्याकडे येताना, समोरचा वारा पाय मोडतो पण बाटली आणि माणूस दोन्ही गार राहतात. पाठवाऱ्याच्या दिवशी धार अंगावर जास्त मारावी लागते, म्हणून पाणी एक लिटर जास्त धरावं.

कोकणात मात्र हा मोजा उपाशी मरतो. मे महिन्यातल्या किनाऱ्यावर हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ओलं कापड २८–२९ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. बाटली जराशी उतरते, बस्स. अलिबाग ते मुरूड किंवा त्याच्या पुढे रेवस–रेड्डी रस्त्याला जायचं असेल तर मोजा घरी ठेवावा, फ्लास्क घ्यावा आणि दर गावात बर्फ मागावा. तिथे खरा धोका वेगळाच आहे: तापमान कमी दिसतं, पण घाम सुकत नाही म्हणून शरीर गार होत नाही.

छागल खुद्द सायकलवर कशी? दोन लिटरची मिळाली आणि मागच्या कॅरिअरच्या बाजूला, चाकापासून दूर, दोन ठिकाणी बांधून ठेवली तर मुक्कामावर पोहोचेपर्यंत उत्तम पाणी देते. नवी छागल आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी लागते, धागे फुगल्याशिवाय ती गळतच राहते. पहिले दोन दिवस कापडाचा वास येतो. हँडलबारला मात्र टांगू नये, ती झुलते आणि सायकलही तिच्यासोबत झुलते.

बाटलीत काय

गार पाणी मिळालं म्हणून नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर दुपारपर्यंत डोकं जड होतं, मळमळतं, बोटं सुजल्यासारखी वाटतात. घामाबरोबर मीठ जातं, लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम, माणसागणिक बरंच कमी-जास्त. ज्यांच्या काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटतात त्यांचं जास्त. रक्तातलं सोडियम पातळ झालं की वरची लक्षणं येतात, आणि लोक ती उन्हाची समजून आणखी पाणी पितात.

औषधाच्या दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी या कामाला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची. एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम. पुडीवर हे आकडे छापलेले असतात, ते जुळवून घ्यावेत. रंगीत खोक्यातली गोड पेयं याच नावाने बरीच वर्षं खपली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तरी दुकानदार तोंडी तेच नाव घेऊन ती पुढे करतो. फसफसणाऱ्या गोळ्या चालतात, पण गोळ्यांच्या नळकांड्यावर सोडियम किती मिलिग्रॅम आणि किती पाण्यात, ते वाचूनच. काहींत साखर नाही म्हणून कौतुक असतं आणि मीठही नावालाच असतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लिटरची अख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत. मिश्रण दुप्पट घट्ट होतं, आतडं उलटं पाणी आत ओढतं आणि तहान आणखी वाढते. लिटरच्या बाटलीत कालवून मग वाटून घ्यावं किंवा २०० मिलीच्या छोट्या पुड्या ठेवाव्यात. ओआरएस एका बाटलीत आणि दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, हा नियम मोडू नये. मीठ-साखरेचं पाणी डोक्यावर ओतलं तर डोळे चरचरतात आणि अंग चिकट होतं. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

ओआरएसने पोट भरत नाही, लिटरभरात जेमतेम ५०–५५ कॅलरी असतात. खाणं वेगळं: चिक्की, खजूर, केळी, गूळ-शेंगदाणे. ढाब्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक मिळालं तर एक पुडी वाचते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून शहाळ्यासोबत खारे शेंगदाणे. उसाचा रस बिनबर्फाचा मागावा. रसवंतीतली लादी बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याची नसते आणि तिचा हिशोब दुसऱ्या दिवशी द्यावा लागतो.

केज आणि बोल्ट

महाग बाटली घेऊन शंभर रुपयांच्या केजमध्ये ठेवणारे बरेच. भरलेली लिटरची बाटली खड्ड्यावर केजला चांगलाच हिसका देते. पातळ ॲल्युमिनियमचे केज जोडाजवळ तुटतात, प्लॅस्टिकचे उन्हाने कडक होऊन चिरतात. बोल्ट पाच मिलिमीटरचे, ॲलन की चारची. टूरच्या आदल्या दिवशी घट्ट करून बघावेत, जोर लावून पिळू नयेत. फ्रेममधली आट्यांची पुंगळी एकदा का जागेवरच फिरायला लागली की ते काम रस्त्यावर होत नाही. निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) थेंबभर लावलं तर महिनाभर बघावं लागत नाही.

डाउन ट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या दांड्याच्या) खाली तिसरा केज लावायची सोय असेल तर तिथली बाटली पिण्यासाठी धरू नये. पुढच्या चाकाने उडवलेलं शेण, डांबर, चिखल सगळं तिच्या तोंडावर जातं. ती मोजा भिजवायला, डोक्यावर ओतायला. दुकानातली एक लिटरची पाण्याची बाटली साध्या केजमध्ये सहसा नीट बसत नाही. टोपीकचा मोठा मॉड्युला एक्सएल केज दीड लिटरच्या पेट बाटलीसाठीच बनवलेला आहे, आणि रस्त्यात बाटली हरवली तर कुठल्याही टपरीवर दुसरी मिळते हा त्याचा मोठा गुण.

काय घ्यावं

सोलापूर रस्त्यासारख्या वाहत्या महामार्गासाठी: एक ९५० मिलीची साधी पांढरी बाटली, एक अर्ध्या लिटरची मोजा घातलेली, आणि बॅगेत एक लिटरचा फ्लास्क. जवळपास अडीच लिटर. पाणी सहसा दर दहा-पंधरा किलोमीटरला मिळतं, पेट्रोल पंपांवर पिण्याचं पाणी मोफत देणं बंधनकारक आहे. पहाटे साडेचारला निघून ताशी २० ने गेलं तर थांबे धरून साडेदहा-अकरापर्यंत भिगवण येतं, सुमारे शंभर किलोमीटर. तिथे चार वाजेपर्यंत सावली धरावी आणि मग इंदापूर. याच सोयीत फ्लास्कऐवजी इन्सुलेटेड बाटली घेतली तर वजन वाचतं, दुपार वाचत नाही.

आडरस्त्याला, जिथे वीस-पंचवीस किलोमीटर वस्ती विरळ, तिथे चार लिटर हवेत. तेव्हा फ्रेमबॅगमध्ये अडीच लिटरची पिशवी आणि वरच्या दोन बाटल्या. हातपंपाचं किंवा टाकीचं पाणी घ्यायची वेळ येऊ शकते, म्हणून क्लोरीनचे थेंब ठेवावेत आणि घातल्यावर अर्धा तास थांबावं. सोबतचा कुणी असंबद्ध बोलायला लागला, अडखळला किंवा अंग तापून घाम थांबला तर पाण्याची ही सगळी तुलना बाजूला: सावलीत आडवा करायचा, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

घरी आल्यावर मोजा धुऊन उन्हात वाळवावा, ओला बॅगेत राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वासाने पाणी प्यायची इच्छा जाते. बाटलीची रबरी झडप बोटाने बाहेर खेचून तिच्या मागची खाच जुन्या दातघासणीने घासावी. बाटली कितीही चकाचक दिसली तरी काळं साचतं ते तिथेच.